'स्मार्ट कॅज्युअल'ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण आठ दिवस डोकं खातोय.

मुंबईतल्या एका क्लबात (नाव कशाला घ्या) उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी गोल्फचं शिबिर असतं. माझा भाचा पहिल्याच दिवशी फाटकावरून परत आला. बहिणीला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "टी-शर्ट, पँट आणि बूट." तिने नवाकोरा टी-शर्ट काढून दिला. गोल गळ्याचा, छातीवर हा एवढा वाघ. दारावरच्या माणसाने वाघाकडे पाहिलं, स्वतःच्या कॉलरला दोन बोटं लावली आणि मान हलवली. तोंडातून शब्द नाही. पोरगं परतीच्या रिक्षात घरापर्यंत मुसमुसत होतं.

मी तक्रार करायला गेलो आणि काम घेऊन आलो. सेक्रेटरीबाई भल्या निघाल्या. म्हणाल्या, "आमची पाटी इंग्रजीत आहे, मराठीत करून देता का? पालक, ड्रायव्हर, काठ्या उचलणारे कॅडी, सगळ्यांनाच कळेल." माझं पोट भाषांतरावर, तेव्हा हो म्हणून बसलो. पाटीवर पहिलीच ओळ 'स्मार्ट कॅज्युअल'. त्याखाली कॉलरचा शर्ट, तो खोचलेला, जीन्स नको, चप्पल नको, टोपी सरळ घाला आणि क्लबहाउसमध्ये शिरताना काढा.

पहिल्या झटक्यात मी 'अनौपचारिक पोशाख' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण भाच्याने घातला होता तो अनौपचारिक पोशाखच की! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काजबटण

भाऊ, तुमच्या बहिणीची चूक नाही. घोळ 'टी-शर्ट' या शब्दाचा आहे. लालबागला माझं शिवणाचं दुकान आहे. आपल्याकडे डोक्यातून चढवायचं होजियरीचं जे जे, ते सगळं टी-शर्ट. गळा गोल असो, कॉलर असो, पुढे दोन बटणं असोत. दुकानातही गिऱ्हाईक 'कॉलरवाला टी-शर्ट' मागतं, 'पोलो' म्हणणारे थोडे. बहिणीला फोनवर सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर कॉलरवालाच असणार, त्याला दुसरा माहीतच नसेल.

हा कॉलरवाला प्रकार आला टेनिसमधून. रने लाकोस्त नावाचा फ्रेंच खेळाडू १९२६ च्या अमेरिकन स्पर्धेत अर्ध्या बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा शर्ट घालून उतरला. तोवर टेनिसवाले लांब बाह्यांचे कडक शर्ट घालून घामाघूम व्हायचे. १९३३ मध्ये त्याने त्या शर्टाची कंपनीच काढली, मगर छातीवर लावून. म्हणजे बघा, छातीवर मगर चालते, वाघ चालत नाही.

कॉलरला जुने शिंपी 'गळपट्टी' म्हणत. पण पाटीवर गळपट्टी लिहाल तर लोक मफलर गुंडाळून येतील. 'कॉलर'च ठेवा. बटणं लागतात त्या उभ्या पट्टीला मात्र 'काजपट्टी' हा आपला शब्द जिवंत आहे, तो मोडीत काढू नका.

किरकोळ रजा

काजबटण यांच्याशी सहमत. मी मंत्रालयात ३१ वर्षं कारकुनी केली, त्यामुळे 'कॅज्युअल' म्हटलं की मला कपडे आठवत नाहीत, रजा आठवते. कॅज्युअल लीव्ह म्हणजे किरकोळ रजा. पुढे कागदोपत्री ती 'नैमित्तिक' झाली, तरी तोंडात किरकोळच राहिली. त्या न्यायाने तुमच्या पाटीवर 'हुशार किरकोळ कपडे' लिहायला हवं! रोजंदारीवरचा कामगार तो कॅज्युअल, केईएमचं अपघाताचं दार ते कॅज्युअल्टी. मूळ लॅटिन शब्द पडण्याचा, अचानक घडण्याचा. ठरवून न केलेलं ते कॅज्युअल. आणि तुमच्या क्लबात तर सगळंच ठरवून.

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. त्यात 'पेहराव' आणि 'पोशाख' होते, पण जिथे बंदी घालायची तिथे सरळ 'जीन्स, टी-शर्ट' असं लिहिलं आणि पायांच्या बाबतीत 'स्लिपर'. राजभाषेची एवढी काळजी घेणाऱ्यांनाही मराठी शब्द सापडले नाहीत, किंवा सापडूनही वापरले नाहीत. ते शहाणपणाचंच झालं असं माझं मत.

अठरावं भोक

मी खेळतो, फार बरा नाही. 'कॅज्युअल' हा शब्द गोल्फमध्ये कपड्यांच्या आधीपासून आहे हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मैदानावर पाऊस पडून जे तात्पुरतं डबकं साचतं त्याला नियमांत 'कॅज्युअल वॉटर' म्हणत. तळं ते तळं, ओढा तो ओढा. हे आपलं आलं-गेलं पाणी. चेंडू त्यात पडला तर दंड नाही. पाण्याबाहेरची सर्वांत जवळची सोयीची जागा धरायची, तिथून एका काठीच्या लांबीत, भोकाच्या अधिक जवळ न जाता चेंडू टाकायचा आणि पुढे खेळायचं. २०१९ च्या नव्या नियमांत त्याचं नाव बदलून सरळ 'तात्पुरतं पाणी' केलंय, पण चेंबूरच्या गोल्फ मैदानावर जुलैत कुणीही जुन्या नावानेच हाक मारतो. तिथे त्या महिन्यात दुसरं काही दिसतच नाही म्हणा. किरकोळ रजावाल्या काकांनी सांगितलेला 'अचानक'चा अर्थ इथे अगदी जसाच्या तसा उरलाय.

आणि एक. गोल्फच्या नियमांच्या पुस्तकात कॉलरचं कलम नाही. वागणुकीची संहिता करायचा अधिकार स्थानिक समितीला दिलाय, कपडे त्या वाटेने आत येतात. म्हणून एका क्लबात चालतं ते दुसऱ्यात चालत नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरने २०१९ मध्ये व्यावसायिकांना हाफ पँट घालू दिली, तीही सरावाच्या आणि प्रो-ॲम (व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळतात त्या) फेऱ्यांपुरती. 'नियम आहे' असं कुणी ठणकावलं तर विचारावं, खेळाचा की घराचा?

अवांतर: 'हाफ पँट'ला पाटीवर 'अर्धी चड्डी' लिहू नका. शब्द बरोबर आहे, पण सभासद पाटी काढून टाकतील.

नऊवारी

सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून मध्ये पडते. 'खोचलेला शर्ट' हा शब्द मला फार आवडला. आपण घरात म्हणतो 'इन'. "शर्ट इन कर रे," "आज इन करून आलास, इंटरव्ह्यू आहे का?" अर्धवट इंग्रजी आणि क्रियापद मराठी. पण खोचणं हे आपलं अस्सल. पदर खोचला म्हणजे बाई कामाला लागली, मग भांडायला असो नाहीतर पुरणाला. शर्ट खोचला म्हणजे पुरुष साहेब झाला. तीच क्रिया, अर्थ उलटे! बाईचं खोचणं म्हणजे आता कपड्यांची पर्वा नाही, पुरुषाचं खोचणं म्हणजे आता कपड्यांचीच पर्वा.

बायकांच्या बाबतीत पाटी लिहिणं आणखी अवघड आहे, सांभाळा. बऱ्याच ठिकाणी बाईला कॉलर असेल तर बाह्या नसल्या तरी चालतात, आणि बाह्या असतील तर कॉलर नसली तरी चालते. हे मराठीत एका ओळीत सांगून दाखवा बरं. २०१७ मध्ये एलपीजीएने (अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक गोल्फ संघटना) आपल्या खेळाडूंना खोल गळे, बिनकॉलरचे रेसरबॅक (पाठीकडे निमुळते होणारे बिनबाह्यांचे टॉप) आणि तोकडे स्कर्ट यांबद्दल तंबी दिली आणि हजार डॉलर दंड लावला, तेव्हा त्या बायकाही चक्रावल्या होत्या. मी 'बिनबाह्यांचा' लिहीन. 'स्लीव्हलेस' सगळ्यांना कळतं, पण ते उच्चारताना सासूबाईंची भुवई वर जाते, 'बिनबाह्यांचा'ने जात नाही.

डोंगरीचा रहिवासी

जीन्सबंदी वाचून हसू आलं. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आमच्या डोंगरीचा आहे. इथे विकलं जाणारं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड गोऱ्या व्यापाऱ्यांनी गावाच्या नावाने नेलं. सतराव्या शतकापासून तो शब्द त्यांच्या लिखाणात आहे. पुढे त्या कापडाचे खलाशांचे आणि कामगारांचे कपडे झाले आणि कपड्यालाच डंगरी म्हणू लागले. मग ते नाव बोटीतून परत आलं. आज माझी नात 'डंगरी' घालते, खांद्यावर पट्टे, पुढे खिसा. तिला वाटतं शब्द इंग्रजी आहे. दुकानदारालाही तसंच वाटतं.

डेनिम फ्रान्सच्या नीम गावावरून, डंगरी मुंबईच्या डोंगरीवरून. दोन्ही कष्टकऱ्यांची कापडं, दोघांनाही गोल्फच्या मैदानावर बंदी. पण 'खाकी' चालते! तोही आपल्याच इकडचा फारसी शब्द, धुळीच्या रंगाचा. एक कामगाराचा, एक साहेबाच्या फौजेचा. दारावरच्या माणसाला हे सांगून आत सोडणार नाही म्हणा.

काजबटण

वा डोंगरीकर! आणि चप्पल? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, क्लबात मात्र नाही. चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेब अनवाणी गेले म्हणून विलिंग्डन क्लबाने त्यांना आत घेतलं नव्हतं, ती गोष्ट मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे.

किरकोळ रजा

तमिळनाडूत २०१४ मध्ये यावर कायदा झाला. चेन्नईच्या एका क्लबाने वेष्टी (तिकडचं धोतर) नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कार्यक्रमाला आत सोडलं नाही, त्यानंतर विधानसभेने वेष्टीवाल्यांना अडवण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे धोतर नेसून क्लबात जायला माणूसच उरला नाही, मग कायदा कुणासाठी?

पाटी मुळात 'ड्रेस कोड'ची, त्याबद्दल: 'वस्त्रसंहिता' हा शब्द हल्ली देवळांच्या बातम्यांत वाचतो. मला तो आवडत नाही. संहिता म्हटलं की आचारसंहिता आठवते, आणि कुठेतरी निवडणूक लागल्यासारखं वाटतं. 'कपड्यांचे नियम' म्हणा की सरळ.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. 'कपड्यांचे नियम' उचलला. 'कॉलर' ठेवली. 'बिनबाह्यांचा' घेतला, नऊवारीताई.

'स्मार्ट कॅज्युअल'चं काय केलं ते सांगतो. 'साधे कपडे' लिहून पाहिलं, पण साध्या कपड्यांत पोलीस येतात. 'सुटसुटीत' बरा वाटला, पण भाच्याचा वाघही सुटसुटीतच होता. 'नीटनेटका' शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाटला, अक्षराच्या शेऱ्यात असतो तो. मग रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ती भाच्याला ओरडत होती, "घरातले कपडे काढ, जायचे-यायचे घाल." माझा घास हातातच राहिला.

आपल्याकडे कपाटाचे तीन कप्पे असतात. घरातले, जायचे-यायचे आणि ठेवणीतले. औपचारिक-अनौपचारिक ही विभागणी आपल्या घरात कधी नव्हतीच. कपडा कुठे जाणार आणि किती वेळा बाहेर निघणार, यावर त्याची जात ठरते. विटलेले, मऊ झालेले, पायजमा-गंजी ते घरातले. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो ते ठेवणीतले. आणि बँकेत, दवाखान्यात, पालकसभेला, कुणाच्या बारशाला चालतात ते जायचे-यायचे. इस्त्री असते पण कडक नसते. हे सोडून 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे आणखी काय असतं?

बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या, "बरोबर आहे हो, पण समितीपुढे कसं ठेवू?" फाटकावरचा तोच माणूस शेजारी उभा होता. बाईंनी त्यालाच विचारलं, जायचे-यायचे कपडे म्हणजे काय. तो लगेच म्हणाला, "कॉलर पाहिजे, आणि पायात चप्पल नको." आता समिती काय ठरवते बघू. वरची ओळ त्यांनी 'नीटनेटका पोशाख' केली तरी हरकत नाही, खाली कंसात जायचे-यायचे ठेवा एवढं बोलून आलोय.

एक मात्र अजून अडलंय. शेवटची ओळ मी लिहिली होती, 'मैदानावर टोपी उलटी घालू नये.' बाई म्हणाल्या, फार लांब होतंय, थोडक्यात करा. थोडक्यात 'टोपी फिरवू नये' लिहिलं तर सभासदांत दोन नगरसेवक आहेत. आणि क्लबहाउससाठी 'आत टोपी घालू नये' लिहिलं तर खजिनदारांना वाटेल, त्यांच्यासाठीच लिहिलंय. कुणाला काही सुचतंय का?