कंडिशनल फॉरमॅटिंग: कमी फॅटची ओळ चौथी, पिवळी होतेय १६०वी

संकलन_केंद्र
आमच्या गावातल्या दूध संस्थेत मी संकलनाच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवते. वरच्या तीन ओळी मथळ्याच्या, नोंदी चौथ्या ओळीपासून १६०व्या ओळीपर्यंत. कॉलम असे: ए खाते क्रमांक, बी नाव, सी गाय/म्हैस, डी लिटर, ई फॅट, एफ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), जी दर, एच रक्कम. गाईच्या दुधाचा फॅट ३.५ च्या खाली असला की ती ओळ पिवळी व्हावी, म्हणजे दहा दिवसांचं बिल काढण्याआधी त्या सभासदाला सांगता येईल. बिल हातात पडल्यावर कळलं तर माणूस दुखावतो.

कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट जुळली की आपोआप रंग देणारी सोय) सूत्र दिलं: =अँड($सी४="गाय",$ई४<३.५)

चौथ्या ओळीत गाय, ३.२ फॅट, तरी ती पांढरीच. कमी फॅटच्या बाकीच्या गाईही पांढऱ्या. पिवळी झाली फक्त १६०वी, आणि ती तर म्हैस आहे, फॅट ६.८! मॅनेज रूल्समध्ये (दिलेल्या नियमांच्या यादीत) बघितलं तर सूत्रात $ई१०४८४२४ आलंय. हा आकडा मी टाकलेला नाही. दोनदा पुसून पुन्हा केलं, तेच. परवा बिल आहे.

एक्सेलवाला_०९
सगळीकडे डॉलर लावा. $सी$४, $ई$४.

संकलन_केंद्र
लावून बघितलं दादा. सगळ्या १५७ ओळी पिवळ्या झाल्या.

हिशेबनीस
होणारच. $ई$४ म्हटलं की प्रत्येक ओळ चौथ्या ओळीचाच फॅट बघते. ताई, तुमचं पहिलं सूत्र अगदी बरोबर होतं, ते बदलू नका. एक सांगा, ओळी निवडताना माउस खालून वर ओढला होता का?

संकलन_केंद्र
हो. शेवटची नोंद भरली की मी खालीच असते, तिथूनच वर ओढते.

हिशेबनीस
मग दुखणं तिथंच आहे. ज्या भागाआधी डॉलर नाही, तो एक्सेल अंतर म्हणून लक्षात ठेवतं. "पाटलांचा वाडा" म्हटलं तर कुठूनही तोच वाडा. "इथून चौथं घर" म्हटलं तर आपण कुठं उभे आहोत त्यावर घर ठरतं. तुम्ही उभ्या होता एच१६० वर. तिथून चौथी ओळ १५६ ओळी वर. म्हणून १६०वी ओळ चौथीचा फॅट बघून पिवळी झाली. आता चौथ्या ओळीपासून १५६ वर गेलं तर शीटच संपते, मग एक्सेल तळाकडून मोजतं. एकूण ओळी १०४८५७६, त्यातून उरलेल्या १५२ (१५६ वजा ४) वजा करा: १०४८४२४. तुमचा तो आकडा हाच. तिथं सगळं कोरं, "गाय" नाही, म्हणून रंग नाही.

नियम पुसा. ए४ वर क्लिक करा, शिफ्ट दाबून एच१६० वर क्लिक करा. सूत्राच्या पट्टीच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ए४ दिसतंय ना, एवढं बघून मगच तेच सूत्र टाका. सूत्राच्या चौकटीत बाणाची कळ दाबू नका, नको ते पत्ते घुसतात. आधी एफ२ दाबा, मग बाण चालतील.

सी आणि ई च्या आधीचा डॉलर मात्र हवाच. नुसतं =ई४<३.५ दिलं असतं तर ए ने ई बघितला असता, बी ने एफ, आणि ई कॉलमने आय. आय कोरा, कोरं म्हणजे शून्य, म्हणून ई ते एच सरसकट पिवळे झाले असते.

मोबाइलवरून
गूगल शीट्समध्ये ही भानगड नाही. कसंही ओढा, सूत्र रेंजच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासूनच धरलं जातं.

संकलन_केंद्र
झालं! अकरा ओळी पिवळ्या, वहीशी ताडून बघितल्या, सगळ्या बरोबर. म्हशीसाठी ६ ची मर्यादा लावायचीय. दोन्ही मर्यादा के१ आणि के२ मध्ये लिहून ठेवल्या तर?

हिशेबनीस
उत्तम. तिथं मात्र दोन्ही डॉलर लागतील, कारण मर्यादा सगळ्यांना एकच: =अँड($सी४="म्हैस",$ई४<$के$२). गाईच्या नियमातही ३.५ काढून $के$१ घाला. आणि मॅनेज रूल्समधल्या अप्लाइज टू मध्ये (नियम कुठं लागू ते) रेंज ४०० ओळींपर्यंत वाढवून ठेवा. कोऱ्या ओळीत गाय-म्हैस काहीच नसतं, त्यामुळे त्या रंगणार नाहीत.

संकलन_केंद्र
केलं. त्या अकरा जणांना उद्या सकाळच्या पाळीला सांगते.