शब्दचर्चा: ‘जुन्या वयनाचा’ मतदार प्रमाण मराठीत कसा न्यायचा?

पैनगंगा:
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी घराण्याचा इतिहास पुस्तकरूपात येतोय. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसानं राजकारणाबद्दल आणि आपल्या मताबद्दल जे सांगितलं, ते ध्वनिमुद्रणावरून उतरवणं चालू आहे. त्यात हे वाक्य येतं: ‘‘आपलं घर जुन्या वयनाचं हाये, बापा. आजा बैलजोडीवाला, बाप बैलजोडीवाला, मंग म्या काहून बदलू?’’ (बैलजोडी हे तेव्हाच्या काँग्रेसचं निवडणूक चिन्ह.) टंकलेखकानं आधी ‘जुन्या वयाचं’ केलं होतं. ते ‘वळणाचं’ आहे हे कळलं, दुरुस्त झालं. आता इंग्रजी प्रतीत ‘कॉन्झर्वेटिव्ह व्होटर’ आलं आणि तिथून उलट मराठीत येताना प्रकरणाचं नाव ‘एका पुराणमतवादी मतदाराचं मनोगत’ असं झालं. ‘मत’ दोनदा आलं, हे एक. शिवाय जो माणूस स्वतःच्या तोंडानं ‘जुन्या वळणाचा’ म्हणतो, त्याला आपण पुराणमतवादी म्हणावं का? दुसरा शब्द सुचवा.

वऱ्हाडकर:
पुराणमतवादी अजिबात नको. तो शब्द दुसऱ्याला म्हणायचा आहे, स्वतःला कोणी म्हणवून घेत नाही. सुधारकांनी विरोधकांसाठी वापरून वापरून त्याला तो वास लागलाय. ‘सनातनी’ त्याहून वाईट. त्याचा संबंध धर्माशी आणि जातीशी. विदर्भाच्या खेड्यात, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावाच्या गावांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तिथे ‘सनातनी मतदार’ छापलं की वाचणारा वेगळाच अर्थ घेणार. माणूस बैलजोडीबद्दल बोलतोय, सोवळ्याओवळ्याबद्दल बोलत नाही.

हुजूरबाजार:
मराठी वर्तमानपत्रांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. ब्रिटनच्या कॉन्झर्वेटिव्ह पार्टीला आपण ‘हुजूर पक्ष’ म्हणतो, लेबरला ‘मजूर पक्ष’. काय नेमकं यमक! हुजूर म्हणजे सरकारचं मुख्य ठाणं, धन्याची हजेरी. हुजूरपागा, हुजूर दफ्तर हे शब्द आपल्याकडे आहेतच. तर ‘हुजूरपक्षी मतदार’ का नाही?

वऱ्हाडकर:
नाही भाऊ. हुजूर पक्ष हे एका देशातल्या एका पक्षाचं मराठी नाव आहे, वृत्तीचं नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याला हुजूरपक्षी म्हटलं तर तो साहेबाचा माणूस ठरेल.

रामटेक:
वर्तमानपत्री मराठीतच याहून जवळचे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला फरक या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ‘पारंपरिक मतदार’ आणि ‘परंपरावादी मतदार’. पारंपरिक मतदार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच चिन्हाला मत देणारा. तो विचारानं समाजवादीही असू शकतो. परंपरावादी मतदार म्हणजे परंपरा टिकावी म्हणून मत देणारा. तो दर निवडणुकीत पक्ष बदलेल, पण विचार बदलणार नाही. इंग्रजी शब्दात हा दुसरा अर्थ आहे. ध्वनिमुद्रणातल्या वाक्यात पहिला आहे. म्हणजे चूक मराठी प्रतीत झालेली नाही, इंग्रजी प्रतीतच झाली आहे. ‘जुन्या वळणाचं घर’ हे इंग्रजीत कॉन्झर्वेटिव्ह होतच नाही.

माझ्या मते मराठी राजकारणात ही गाठ आधीपासून आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला (वय दहाचं बारा करायचं होतं) टिळकांनी विरोध केला; तेच टिळक राजकारणात जहाल. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांच्याच गोटातले. उलट मवाळ मंडळींत समाजसुधारक जास्त. इंग्रजीतली एक पट्टी घेऊन डावा-उजवा मोजायला गेलं की आपल्याकडचा माणूस दोन ठिकाणी सापडतो.

शुद्धपक्ष:
शब्द ठरवायचाच असेल तर आधी ‘मतदार’ बघा. ‘मत’ संस्कृत, ‘मन्’ धातूपासून. ‘दार’ फारसी, बाळगणारा या अर्थी, जमीनदार, वतनदार, इजारदारातला. हा संकर आहे. ‘मतदाता’ शुद्ध आहे आणि अर्थानेही बरोबर, कारण तो मत देतो, बाळगत नाही. सावरकरांनी ‘महापौर’ रुळवून दाखवला. मग हा का रुळू नये?

वऱ्हाडकर:
महापौर रुळला कारण त्या जागी मराठी शब्द नव्हता, ‘मेयर’ होता. मतदार तर रानोमाळ पोचलेला आहे. मतदार यादी, मतदारसंघ, सगळं त्याच्यावर उभं आहे. आणि मतदाता हिंदीतून येतोय, त्याला शुद्ध म्हणून आत घ्यायचं कशाला? उलट ‘दार’ इथे फार शोभतो. मत हा हक्क आहे, तो ज्याच्याकडे आहे तो मतदार. वापरला नाही तरी तो मतदारच. दाता म्हटलं की मतदानातल्या ‘दान’सारखा पुण्याचा वास येतो.

शुद्धपक्ष:
‘दान’ म्हणजे नुसतं देणं. धातू ‘दा’. पुण्य नंतर चिकटलं.

तहसील-दप्तर:
शब्दावर मी बोलत नाही, पण पुस्तक छापायचं तर दोन गोष्टी आधी तपासा.

एक, ‘बैलजोडीवर शिक्का मारला’ असं कुठे असेल तर वर्ष बघा. १९५१-५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत शिक्का नव्हताच. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हातात मिळालेली चिठ्ठी आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, तिच्यावर काही खूण करायची नाही. यातली अडचण अशी की चिठ्ठी न टाकता खिशात घालून बाहेर नेता यायची. १९६२ च्या निवडणुकीत सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का हे सर्रास झालं. २००४ ला लोकसभेसाठी देशभर यंत्रं आली, मग बटण दाबणं. म्हणून क्रियापदावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो: ‘टाकलं’, ‘मारलं’, ‘दाबलं’. फक्त ‘मत टाकलं’ अजूनही बोललं जातं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका. ‘पेटीत टाकलं’ असेल, आणि पेटीचं चिन्ह सांगितलं असेल, तर नक्की पहिल्या दोन निवडणुका.

दुसरं, मसुद्यात या घराला कुठे ‘मालगुजार’ म्हटलं आहे का? यवतमाळ म्हणजे वऱ्हाड. तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा.

पैनगंगा:
म्हटलं आहे. पहिल्याच पानावर. संपादकांनी घातलंय, बोलण्यात नाही. बोलण्यात ‘इजारा’ असा शब्द येतो.

तहसील-दप्तर:
तर ‘इजारदार’ ठेवा. यवतमाळकडे पडीक जमीन वसवायला इंग्रजी अमलात इजाऱ्यानं, म्हणजे मक्त्यानं, गावं दिली होती. आजही कितीतरी गावांच्या नावापुढे ‘इजारा’ आहे. मालगुजार हे नागपूरकडचं: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०२ ला कायमच्या पट्ट्यानं. कारभार मध्यप्रांताला जोडला तरी जमिनीची पद्धत वेगळीच राहिली. दोन्हीकडचे शब्द एका घराला लावले तर वाचणारा तलाठीसुद्धा पुस्तक मिटून ठेवेल.

झाडीपट्टी:
मालगुजाराचा अर्थही बरेच जण ‘मालक’ असा लावतात. माल म्हणजे सारा, गुजार म्हणजे भरणारा. सारा गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून ती मालगुजारी संपली. घरच्या वहितीची जमीन त्यांच्याकडे ‘मालिक-मकबुजा’, म्हणजे मालकी हक्काची, म्हणून राहिली, जंगल आणि तलाव सरकारजमा झाले. गोंदिया-भंडाऱ्याकडे त्या तलावांना आज मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचं आद्याक्षरी रूप. आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक. ज्या घरानं त्याच वर्षी गाव गमावलं, ते ज्या सरकारनं ते घेतलं त्याच्याच बैलजोडीला मत देतं का, हा झाडीपट्टीतला खरा प्रश्न आहे. तिथे ‘जुन्या वळणाचा’ मतदार बैलजोडीच्या विरुद्ध असायचा. म्हणून शब्दाचा अर्थ जिल्ह्यागणिक फिरतो.

रामटेक:
झाडीपट्टी, हे फार मोलाचं सांगितलंत. त्यात आणखी एक: १९५२ चं मत मध्यप्रदेश विधानसभेसाठी होतं, राजधानी नागपूर. १९५७ चं मुंबई राज्यासाठी. १९६२ चं महाराष्ट्रासाठी. गाव जागेवर, वावर जागेवर, आणि तीन निवडणुका तीन राज्यांत. ‘म्या काहून बदलू’ या वाक्यामागे हेही असू शकतं. पण मग चिन्हाचं काय? काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडी गोठवली गेली. १९७१ ला इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू, फुटलेल्या दुसऱ्या गटाला, संघटना काँग्रेसला, चरखा चालवणारी बाई. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला नंतर पंजा. न बदलणाऱ्या माणसालाही कोणतं तरी चिन्ह निवडावंच लागलं. ते त्यानं कसं निवडलं हे ध्वनिमुद्रणात आहे का?

पैनगंगा:
आहे. ‘‘जोडी गेली त गाय-वासरू आलं, गोठा त आपलाच.’’ एवढंच.

झाडीपट्टी:
हे वाक्य कोणत्याही भाषेत नेऊ नका, आहे तसं छापा.

वऱ्हाडकर:
उतरवताना सावध राहा. टंकलेखकाला ‘य दिसला की ळ करा’ असं सांगितलं तर गाय-वासराची गाळ-वासरू होईल. वऱ्हाडीत ळ चा य होतो (शाळा–शाया, डोळा–डोया, वळण–वयन) आणि ण चा न. पण मुळातला य तसाच राहतो. सरसकट शोधा-बदला करायचं नाही, एकेक शब्द ऐकून ठरवायचा. खरी पंचाईत ‘पायलं’ या शब्दाची. ते ‘पाळलं’ असू शकतं, ‘पाहिलं’ही असू शकतं. पाहिलं असेल तर मध्ये हलका ह असतो, ‘पाह्यलं’. वेग वाढवून ऐकलं की तो गळतो. वेग कमी करून दोनदा ऐका.

झाडीपट्टी:
आमच्याकडे ळ चा र होतो, काळा–कारा. त्यामुळे झाडीतल्या मुद्रणाला हा नियम लावू नका.

शुद्धपक्ष:
बोलीचे उच्चार ठीक आहेत, पण प्रकरणाचं शीर्षक बोलीत देणार का? ‘परंपरानिष्ठ मतदाता’ हा पर्याय अजून कोणी खोडलेला नाही.

रामटेक:
‘निष्ठ’ चांगला आहे. ‘निष्ठावंत’ तर आजच्या बोलण्यातला. पण निष्ठावंत कार्यकर्ता असतो, त्याला उमेदवारी नाकारली की तो बातमीत येतो. साध्या मतदाराला निष्ठावंत म्हटलं की तो पक्षाचा पदाधिकारी वाटतो.

तहसील-दप्तर:
घराण्याचा इतिहास आहे तर बायकांची नावंही शोधा. १९५१-५२ च्या याद्या करताना बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख नोंदी देशभरात वगळल्या गेल्या. ज्या राज्यांत हे जास्त झालं त्यांत मध्यप्रदेश होतं, आणि विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात. पुस्तकात ‘घरातल्या सगळ्यांनी बावन साली मत दिलं’ असं वाक्य असेल तर ते तपासल्याशिवाय ठेवू नका. पिढ्यांचा मेळ कोतवाल बुकावरून घाला: जन्ममृत्यूची गावातली नोंदवही. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव असतं. नातवाला आज्याचं नाव ठेवण्याची रीत असल्यानं एकाच नावाची दोन माणसं एक होऊन बसतात. तारीख आणि बापाचं नाव जुळल्याशिवाय जोडू नका. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणारा सोबत न्या, अंदाजानं वाचू नका.

वऱ्हाडकर:
‘घरचं मत’ हा शब्दही त्याच काळातला आहे. घरचं मत एक, माणसं कितीही. ‘त्या घरची अकरा मतं’ असं मोजणं नंतरचं.

हुजूरबाजार:
याला काही आधार?

वऱ्हाडकर:
कागद नाही. बोलण्यातला वापर सांगतोय.

पैनगंगा:
पहिल्या पानावर आता ‘इजारदार’ आहे, आणि बावन सालचा शिक्का काढला. शीर्षक अजून रिकामंच आहे. वऱ्हाडकर, तुमच्या सांगण्यावरून वेग कमी करून ऐकलं. एका ठिकाणी आम्ही ‘आज्यानं पाहिलं तेच आपण पाहिलं’ असं उतरवलं होतं. पहिल्या वेळी ह स्पष्ट आहे, दुसऱ्या वेळी नाही: ‘‘आज्यानं पाह्यलं, आपुन पायलं.’’ दुसरं ‘पाळलं’च असेल ना?

वऱ्हाडकर:
त्याच्या पुढचा शब्द कोणता आहे ते सांगा. त्याशिवाय ठरवू नका.