अनुभव धागा : पोर्ट ऑफ स्पेनमधले तुमचे दिवस

आपल्यातले बरेच जण कामानिमित्त त्रिनिदादला जातात. विमानतळ पियार्कोला, काम दक्षिणेला पॉइंट लिसासच्या कारखान्यांत, सुट्टी टोबॅगोच्या किनाऱ्यावर. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या वाट्याला एखादी संध्याकाळ येते. मी तिथे दीड वर्ष राहिले आणि या शहरावर माझा फार जीव जडला. म्हणून हे आग्रहाचं बोलावणं. कितीही छोटा असो, तुमचा अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

स्पॅनिशांची मूळ राजधानी आतल्या बाजूला, सान होसे दे ओरुन्याला होती. ती मोडकळीला आली, तेव्हा १७५७ मध्ये गव्हर्नर पेद्रो दे ला मोनेदा या बंदराच्या वस्तीत येऊन राहिला. १७८३ च्या फर्मानाने कॅथलिक स्थलांतरितांना जमिनी मिळाल्या. फ्रेंच बेटांवरचे मळेवाले आपले गुलाम घेऊन आले आणि सत्ता स्पेनची असूनही रस्त्यावर पात्वा ही फ्रेंचवरून झालेली बोली ऐकू येऊ लागली. १७९७ मध्ये इंग्रज आले. १८०८ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि आज दिसणारी आखणी बरीचशी त्यानंतरच्या राल्फ वुडफर्डच्या कारकिर्दीतली आहे.

मला सगळ्यात ओढ लावली ती एका नदीने. शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने १७८७ मध्ये गावातून वाहणारी सांता आना नदी पूर्वेला, लाव्हेंटिलच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वळवली. आज तिला ईस्ट ड्राय रिव्हर म्हणतात. काँक्रीटचा पाट, वर्षाचे बरेच महिने तळाशी पाण्याची एक बारीक रेघ. पहिल्यांदा मी तिला गटार समजले होते. जूनमध्ये एका दुपारी तासभर पाऊस कोसळला आणि तीच रेघ मातकट लोंढा होऊन काठ घासत निघाली. पुलावर माणसं उभी राहून मुकाट्याने बघत होती. आपल्याकडे पुराचं पाणी बघायला जमतात, अगदी तशी.

निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

मी तिथे गेलो ते फक्त क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायला. १९७१ साली मी अकरा वर्षांचा होतो. ६ मार्चला तिथे वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि पहिल्याच चेंडूवर आबिद अलीने फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. पुढे सरदेसाईंचं शतक, एकनाथ सोलकरचे ५५, आणि कसोटीत पदार्पण करणाऱ्या गावसकरचे ६५ आणि नाबाद ६७. वाडेकरांचा संघ सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. वडील पेपर मोठ्याने वाचायचे आणि आम्ही धावफलक वहीत उतरवून घ्यायचो. याच मैदानावर एप्रिलमध्ये गावसकरने १२४ आणि २२० केले, दाढ ठणकत असताना. १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात ४०३ चं लक्ष्य गाठलं, तेही इथेच.

मुलीने मला टोरांटोहून तिकडे नेलं. सामना नव्हता. फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं, मी मुंबईजवळून आलोय. तो म्हणाला, "गावसकर?" आणि आत सोडलं. स्टँडच्या मागे हिरवेगार डोंगर अगदी अंगावर आल्यासारखे दिसतात. मी पायरीवर बसलो. वडील असते तर, एवढंच मनात येत राहिलं. लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकाने गावसकरवर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या लोकप्रिय धाटणीचं गाणं, रचला होता, तो त्या रखवालदाराला अजून पाठ होता. त्याने दोन ओळी गाऊन दाखवल्या.

ऑडिटच्या कामासाठी तीन आठवडे, पुणे

बायकांनी एकटं फिरण्याबद्दल सांगते. दिवसा मी फ्रेडरिक स्ट्रीट, वुडफर्ड चौक, रेड हाउस सगळं पायी केलं. रेड हाउस म्हणजे संसदेची इमारत. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षी लाल रंग दिला, तेच नाव पडलं. ती इमारत १९०३ च्या पाणीपट्टीच्या दंगलीत जळाली. आताची १९०७ ची. १९९० च्या जुलैमध्ये सशस्त्र बंडखोरांनी इथेच पंतप्रधानांना ओलीस धरलं होतं. समोरच्या चौकात देशाचे पुढे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स लोकांना जाहीर व्याख्यानं देत, म्हणून त्याला वुडफर्ड चौक विद्यापीठ म्हणायचे. अजूनही तिथे बाकांवर तावातावाने राजकारण चालतं.

पण दुकानं बंद झाली की हा भाग रिकामा होतो. एका संध्याकाळी घाईत मिळेल त्या गाडीत बसले आणि ड्रायव्हरने भलतंच वळण घेऊन तिप्पट पैसे उकळले. दुसऱ्या दिवशी सहकारी मैत्रीण रागावली. टॅक्सीची नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते, पी असेल तर ती खाजगी गाडी. हे लक्षात ठेवा, आणि अंधार पडल्यावर ओळखीचीच गाडी बोलवा.

ढोल पथकात दहा वर्षं, आता ह्यूस्टन

कार्निव्हलच्या दोन दिवसांबद्दल सगळे लिहितील, मी आधीच्या आठवड्यांबद्दल लिहितो. रात्री शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स या वादक पथकाच्या पॅनयार्डात जा. पॅनयार्ड म्हणजे स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून केलेलं वाद्य, वाजवणाऱ्यांची सरावाची जागा. आत जाऊन उभं राहिलं तर कोणी हटकत नाही.

१८८० च्या दशकात इंग्रजांनी ढोल वाजवण्यावर बंदी घातली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे, आणि १९३०-४० च्या दशकांत याच शहराच्या गरीब वस्त्यांत तेलाच्या पिंपातून स्वर काढले. पिंपाचं बूड हातोडीने ठोकून खोलगट करतात, मग एकेका स्वराचा तुकडा वेगळा उठवतात. मी एका पॅनच्या अगदी जवळ उभा होतो. तळहाताएवढ्या त्या तुकड्यावर रबर लावलेली काडी टेकल्यासारखी पडली आणि केवढा गोल स्वर निघाला! शंभराच्या आसपास वादक, बहुतेकांसमोर कागद नाही. एक जण चार मात्रा वाजवून दाखवतो, बाकीचे उचलतात. चुकलं की पुन्हा. नदीपात्रात आमचा सराव असाच चालायचा. माझे हात नुसते शिवशिवत होते.

झाडांसाठी एक ओळ, सांगली

क्वीन्स पार्क सव्हाना हे तिथलं अवाढव्य मैदान, २६० एकर. भोवतीने चालायला तासभर धरा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर गुलाबी-पिवळी पुईची झाडं फुललेली मिळतील. आपल्या रस्त्यांवरचा रेन ट्री मूळचा त्याच बाजूचा, तिथे त्याला सामान म्हणतात. पश्चिमेच्या कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे सात वाडे आहेत, मॅग्निफिसंट सेव्हन. शहाळंवाल्याकडून पाणी घ्या आणि सावकाश बघा.

आईबरोबर आठवडाभर, मडगाव

आम्ही सेंट जेम्सला राहिलो. रस्त्यांच्या पाट्या वाचून आई थांबायची. दिल्ली स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. ३० मे १८४५ ला फतेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन या बंदरात आलं. १९१७ पर्यंत सुमारे दीड लाख माणसं आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. आधी त्यांना बंदराबाहेरच्या नेल्सन बेटावर ठेवत. मोहरमच्या वेळी सेंट जेम्सच्या रस्त्यावर ताजिये निघतात आणि पुढे जे वाजतं त्याला तिथे टासाच म्हणतात, आपला ताशा.

सकाळी नाश्त्याला डबल्स. दोन मऊ पुऱ्या (तिथे त्यांना 'बारा' म्हणतात), मध्ये छोल्यांसारखे चणे, वर चिंचेची चटणी. उभ्याउभ्याच खायचं. 'स्लाइट पेपर', म्हणजे तिखट कमी, म्हणायला विसरू नका, तरीही नाकातून पाणी येईल. गाडीवरच्या बाई आईशी इंग्रजीत बोलत होत्या आणि आई त्यांच्याशी कोंकणीत, दोघींचं छान चाललं होतं. आईने बोटाने दाखवून विचारलं, भाजी मिळेल का? भाजी हा शब्द त्यांना कळला, पण त्यांच्याकडे भाजी म्हणजे फक्त पालेभाजी.

तेवढ्यात मागच्या घरातून एक पाच-सहा वर्षांचा पोरगा पळत आला, गणवेशाचं बटण लावून घ्यायला, आणि ओरडला, "आजी!" तिथे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. बाईंच्या आधी माझी आई वळली.