माध्यमांचे ‘नियमन’ की ‘नियंत्रण’?

विचारणा

नाशिकच्या एका महाविद्यालयातील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीतून टिपणे तयार करीत आहे. माध्यम उद्योगाची मालकी कोणाकडे असते, त्याला पैसा कोठून मिळतो आणि कायदा त्याला कसा बांधतो, हा या अभ्यासपत्रिकेचा विषय आहे. शेवटच्या प्रकरणासाठी ‘नियंत्रण’, ‘नियमन’ आणि ‘विनियमन’ असे तीन शब्द वाचनात येतात. ते समानार्थी मानावेत काय?

उत्तर

मानू नयेत. व्युत्पत्तीची येथे फारशी मदत होत नाही, कारण ‘नियमन’ आणि ‘नियंत्रण’ हे दोन्ही शब्द अखेर आवरून धरणे या अर्थाच्या ‘यम्’ धातूशीच जाऊन पोहोचतात. भेद पडला आहे तो वापराने. प्रदूषण नियंत्रण मंडळ, कीड नियंत्रण, साथ नियंत्रण या प्रयोगांत ती गोष्ट मुळातच नको असते आणि ती कमी करणे हा हेतू असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण किंवा स्थावर संपदा नियामक प्राधिकरण यांच्या बाबतीत मात्र व्यवहार चालावा, वाढावा, पण नियमांना धरून व्हावा, अशी अपेक्षा असते.

आपल्या जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला हा भेद सांगावा लागत नाही. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव उघड व्हावा, वजन चोख व्हावे आणि शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळावेत हे समितीने पाहायचे असते. भाव बोलीतून ठरतो. या समित्यांचा १९६३ चा कायदाही ‘कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन)’ अशा नावाचा आहे. निर्यातबंदी लागू झाली की तोच शेतकरी ‘सरकारी नियंत्रण’ म्हणतो, आणि अगदी योग्य म्हणतो.

‘विनियमन’ हा ‘नियमन’ याच अर्थाचा कायद्याच्या भाषेतील शब्द आहे. केबल टीव्हीच्या १९९५ च्या अधिनियमाच्या नावातही तो येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कायद्याखाली केंद्र सरकार करते ते ‘नियम’ आणि प्राधिकरण करते ते ‘विनियम’, हा फरक परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. अधिनियमाचे नाव उद्धृत करताना ‘विनियमन’ लिहावे, एरवी ‘नियमन’ पुरेसे आहे.

पुढील विचारणा

मग प्रेस कौन्सिल, चित्रपट प्रमाणन मंडळ आणि दूरसंचार प्राधिकरण या सर्वांना सरसकट ‘नियामक संस्था’ म्हणता येईल काय?

उत्तर

ढोबळमानाने म्हणता येईल, परंतु विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत येथेच होते, म्हणून प्रत्येक संस्थेचा प्रत्यक्ष अधिकार पाहूनच क्रियापद निवडावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १९७८ च्या कायद्यानुसार प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते किंवा त्याची निर्भर्त्सना करू शकते; तिला दंड ठोठावता येत नाही आणि दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून ‘कौन्सिलने वृत्तपत्रावर कारवाई केली’ हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. ‘ठपका ठेवला’ हे नेमके आहे. दूरसंचार प्राधिकरण वाहिन्यांच्या दरांची चौकट आखून देते, पण बातमीत काय असावे हे ठरवत नाही.

चित्रपट प्रमाणन मंडळाचे काम प्रदर्शनाच्या आधीचे आहे. त्याच्या नावातून ‘सेन्सॉर’ हा शब्द १९८३ मध्येच गेला, तरी प्रमाणपत्र नाकारण्याचा अधिकार कायम असल्याने लोकांच्या तोंडी तो टिकून आहे. नाटकांसाठी महाराष्ट्रात ‘परिनिरीक्षण’ हा शब्द रूढ आहे. कालिदास कलामंदिरात नवे नाटक लागण्यापूर्वी त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, हे येथील नाट्यकर्मींना ठाऊकच आहे. प्रयोगाआधीच्या तपासणीसाठी इतका नेमका शब्द असताना तो माध्यमांच्या अभ्यासात का वापरू नये? जाहिरात मानक परिषद ही १९८५ पासूनची संस्था उद्योगाने स्वतःच उभारलेली असल्यामुळे तिच्यासाठी ‘स्वनियमन’ म्हणावे.

प्रकरणाचे शीर्षक ‘माध्यमांचे नियमन’ असेच ठेवावे. आणीबाणीवरील उपविभागाला मात्र ‘नियंत्रण’ हाच शब्द द्यावा, कारण त्या काळात मजकूर छापण्याआधी सरकारी तपासणीची सक्ती होती आणि १९७६ मध्ये तर प्रेस कौन्सिलच बरखास्त करण्यात आली होती.