लंडनमध्ये शनिवार-रविवार: डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील जागा कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

नमस्कार,

मी मूळची नांदेडची असून सध्या शेफिल्ड येथे अर्थशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. सत्र संपण्यापूर्वी एका शनिवार-रविवारी मी आणि माझी नाशिकची वर्गमैत्रीण, अशा दोघी प्रथमच लंडनला जाणार आहोत. बिग बेन, टॉवर ब्रिज वगैरे ठिकाणांची माहिती सर्वत्र मिळते, त्यामुळे त्याविषयी विचारत नाही. मला मदत हवी आहे ती बाबासाहेबांच्या लंडनमधील जागा दोन दिवसांत नीट पाहता येतील असा क्रम ठरवण्यासाठी.

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) दाखल झाले, बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, आणि मुंबईत नोकरी करून साठवलेले पैसे व इतरांनी केलेली मदत यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी येथेच मिळवल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध मी अभ्यासाचा भाग म्हणून वाचला आहे. त्यातील चलनव्यवस्थेची चिकित्सा ज्या शहरात बसून झाली, ते शहर मला घाईघाईने छायाचित्रे काढून संपवायचे नाही.

माझ्या यादीत पुढील ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जेथे ते १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. दुसरे, एलएसईचा परिसर आणि तेथील त्यांचा अर्धपुतळा. तिसरे, ग्रेज इन, जेथे त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास केला. चौथे, ब्रिटिश म्युझियम, कारण तेथील वाचनालयात ते दीर्घकाळ बसून वाचत असत. शिवाय मैत्रिणीला हायगेटमधील इंडिया हाउस आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे पाहायची आहेत.

आता माझे प्रश्न. हे सर्व एका शनिवारात बसवून रविवार संग्रहालयांसाठी ठेवता येईल का, की काही ठिकाणे सरळ वगळावीत? दोघीच मुली असल्याने राहण्यासाठी कोणता भाग सोयीचा ठरेल? हातखर्चासाठीचे पैसे मोजकेच आहेत, पण त्यासाठी रात्री उशिरा आडबाजूच्या भागात पोहोचण्याची आमची तयारी नाही. आणि प्रवासाचे पैसे बँकेच्या कार्डाने भरावेत की लंडनच्या वाहतुकीसाठी आगाऊ पैसे भरून वापरायचे ऑयस्टर कार्ड घ्यावे? आपणापैकी कोणी ही ठिकाणे स्वतः पाहिली असतील, तर किती वेळ लागला हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद:

तुमची यादी आवडली. मी उत्तर लंडनमध्ये अनेक वर्षे राहत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

शेफिल्डची थेट गाडी सेंट पँक्रसला येते, म्हणून मुक्कामही त्याच भागात करावा. युस्टन रोडवर युथ हॉस्टेल आहे आणि तेथून फार दूर नसलेल्या फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये इंडियन वायएमसीए आहे, जेथे भारतीय जेवण मिळते. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी दुसरा पर्याय आधी सुचवतो. दोन्ही ठिकाणी आगाऊ नोंदणी करावी.

शनिवारी सकाळी चॉक फार्म स्थानकावर उतरून किंग हेन्रीज रोडला चालत जा. घर पाहण्याच्या वेळा निघण्यापूर्वी नक्की करून घ्या आणि तेथे निदान एक तास ठेवा. जवळच प्रिमरोझ हिलची टेकडी आहे, तिच्यावरून मध्य लंडन दिसते आणि त्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. इंडिया हाउससाठी चॉक फार्महून कॅम्डन टाउनला या आणि भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनच्याच दुसऱ्या फाट्याने आर्चवेला उतरा. तेथून ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूपर्यंत चढ आहे. ते खासगी निवासस्थान असल्यामुळे बाहेरूनच पाहायचे आहे. सावरकरांच्या वास्तव्याची निळी पाटी भिंतीवर आहे. ही वास्तू १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी भारतीय विद्यार्थ्यांच्या निवासासाठी सुरू केली होती.

एलएसई आणि ग्रेज इन ही दोन्ही ठिकाणे हॉबर्न स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहेत, मात्र शनिवार-रविवार ही त्यांच्यासाठी योग्य वेळ नव्हे. शक्य असल्यास शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचा. अर्धपुतळा इमारतीच्या आत असल्याने एलएसईला आधी पत्र लिहून परवानगी विचारा. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्रीपर्यंत उघडे असते, म्हणून तो भाग त्याच संध्याकाळी उरकता येईल. बाबासाहेब ज्या गोल वाचनालयात बसत, ती वास्तू संग्रहालयाच्या मध्यभागी आजही उभी आहे, पण पुस्तके सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत. इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या खात्याचे दप्तरही तेथेच आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने वाचकपत्र काढून ते एकदा अवश्य पाहावे. रविवारी मात्र वाचनकक्ष बंद असतात.

वाघनखांसाठी लंडनला थांबण्याची गरज नाही. ती २०२४ च्या जुलैपासून तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात प्रदर्शनासाठी दिलेली आहेत आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. तरीही रविवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय पाहावे; प्रवेश विनामूल्य आहे.

पैशांविषयी: १६ ते २५ वयोगटाचे रेलकार्ड असेल तर रेल्वेच्या बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना वय अधिक असले तरी ते काढता येते. हेच रेलकार्ड भुयारी रेल्वेच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याकडून ऑयस्टरला जोडून घ्या, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून तेथेही तेवढीच सूट लागू होते आणि शनिवार-रविवार तर पूर्ण दिवस गर्दीबाहेरचा धरला जातो. बँकेच्या कार्डावर ही सूट मिळत नाही. सुटीच्या दिवशी दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात, त्यामुळे शुक्रवारी रात्री नॉर्दर्न लाइनची स्थिती पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. शुक्रवारी दुपारी निघण्याचे आम्ही ठरवले असून एलएसईला आजच पत्र पाठवत आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या वाचकपत्रासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून विद्यापीठाच्या वसतिगृहाचा करार चालतो का, हे कोणी अलीकडे ते काढले असल्यास कळवावे.