आईच्या अंगावर लाल पुळ्या, कारण कळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आईचं वय सत्तरीच्या पुढे आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तिच्या अंगावर बारीक लाल पुळ्या येताहेत. सुरुवात मनगटापाशी झाली, मग कंबर, काखा, आता पोटावरही. चेहरा आणि पाठ स्वच्छ आहे. ताप नाही, पू नाही. खाज मात्र भयंकर, आणि रात्री तर ती उठून बसते.

नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी समजून सेटिरिझिन दिली. गुंगी येते, पण पुळ्या जशाच्या तशा. साबण, औषधं, कपडे, काहीच नवीन नाही. ढेकूण असतील म्हणून गादीच्या शिवणी उसवल्यागत तपासल्या, काही सापडलं नाही. एका नातेवाइकांनी खाजेची ट्यूब दिली आहे. तिच्यात स्टिरॉइड आहे, म्हणून लावलेली नाही.

आई आता एकेक पदार्थ सोडत चालली आहे, "ह्यानेच होत असेल" म्हणून. मला पुळ्यांपेक्षा तिचं तुटलेलं जेवण जास्त घाबरवतंय. धाकटा मुलगाही हल्ली झोपेत पोट खाजवतो, पण त्याला घामोळं नेहमीच येतं.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर काय पाहून ठेवू? आणि काय दिसलं तर थांबू नये?

प्रतिसाद
ताई, आधी घाईचं सांगते. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर वेळ बघत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. दुसरं, काचेचा पेला पुळीवर दाबून आरपार बघा. लाली फिकी पडायला हवी. तशीच राहिली तर त्वचेखाली रक्त उतरलेलं असू शकतं. सोबत ताप असेल तर त्याच क्षणी निघा.

मग एका पुळीभोवती पेनाने गोल काढून वेळ लिहून ठेवा. अंगावर पित्त उठतं तेव्हा एकेक गांध सहसा २४ तासांच्या आत मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. जागची हलत नसेल तर ते पित्त नसण्याचीच शक्यता जास्त. रोज उजेडात फोटो काढा, तपासणीच्या दिवशी उपयोगी पडतात. आणि आईंना पोटभर जेवायला घाला. चिवट पित्तातसुद्धा खाण्याचा दोष क्वचितच निघतो.

प्रतिसाद
मुलाची खाज घामोळ्यावर ढकलू नका. रात्री वाढणारी खाज, मनगट, कंबर, काखा आणि घरात दुसऱ्यालाही सुरू, एवढं वाचून मला खरूज आठवली. बोटांच्या बेचक्यात बारीक, वाकड्या रेघा दिसतात का बघा. खरजेचे किडे त्वचेत बिळं करतात, त्या ह्या रेघा. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात, त्यामुळे कुणाकडून आली हे शोधण्यात जीव आटवू नका. अस्वच्छतेशी तिचा संबंध नाही, हे आईंना आवर्जून सांगा. या वयाची माणसं लाजेने गप्प बसतात.

ट्यूब लावली नाहीत ते उत्तम. स्टिरॉइडने खाज दबते, खूण पुसट होते आणि निदान लांबतं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघींचे मनापासून आभार. पेल्याखाली लाली फिकी पडते. पेनाचा गोल दुसऱ्या दिवशीही होता आणि पुळी त्यातच. आईच्या बेचक्यात एक रेघ दिसते आहे, मुलाच्या हातावर नाही. वेळ अलीकडे आणून मागितली, उद्या दोघांनाही नेते. खरूजच निघाली तर घरात काय करायचं?

प्रतिसाद
बहुतेक पर्मेथ्रिन ५% क्रीम देतील. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर ठेवायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा. आईंच्या वयात डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायचं का, हे विचारून घ्या. मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. एकजण राहिला की पुन्हा फिरून येते. अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवा. धुता न येणारं पिशवीत बांधून ३-४ दिवस ठेवा, अंगाबाहेर किडे जास्त टिकत नाहीत.

औषधानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. त्या काळात घाबरून क्रीम पुन्हापुन्हा फासू नका, नव्या पुळ्या येताहेत का तेवढं बघा. उद्या काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.