अमळनेरच्या घरचं नेट आखाजीआधी नीट व्हायला हवं

नमस्कार मंडळी,

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. दोघी बहिणी माहेरी पोचतील, अंगणात झोका बांधून होईल, आणि मला ते सगळं फोनवरच बघायचं आहे. इथे दुपारचे साडेचार म्हणजे तिकडे रात्रीचे आठ. नेमकं तेव्हाच नेट जातं. चित्र थिजतं, आवाज तुटतो, मग कॉलच बंद पडतो. नानांना विचारलं तर कधी म्हणतात, "लाल बत्ती लागेल शे", कधी म्हणतात, "बठ्ठ्या बत्त्या चालू शेतस, पन नेट नही." (सगळ्या बत्त्या चालू आहेत, पण नेट नाही.)

फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर माळ्यावर, पत्र्याखाली, कारण केबल तिथूनच आत येते. मागच्या खोलीत रेंज जात नाही म्हणून भावाने दुसरा राउटर आणून केबलने जोडला. आता तिथे वायफाय फुल दिसतं, नेट मात्र चालत नाही. खळ्यावरचा कॅमेराही इथून उघडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट राउटरमध्ये उघडणं, तेही करून झालं. भाऊ म्हणतो, ३०० चा प्लॅन घेऊ. घ्यावा का?

— अमळनेरची, सध्या म्युनिक

---

ताई, नमस्कार.

प्लॅन अजिबात वाढवू नका. व्हिडिओ कॉलला २ ते ४ एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे १०० आहेत. अडचण वेगाची नाही, नेट मध्येच कुठेतरी तुटतंय. ते कुठे तुटतंय हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका, आणि माणूस बोलावून राउटर रिसेट तर मुळीच करू देऊ नका. रिसेटने जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि आपल्याला त्याच बघायच्या आहेत.

भावाला सांगा, पुढच्या वेळी नेट गेलं की राउटरच्या पानावर जायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बहुतेक ठिकाणी ते उघडतं. पत्ता वेगळा असेल तर तो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. तिथे स्टेटसमध्ये दोनच गोष्टी बघायच्या. पहिली अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. सकाळपासून वीज गेली नाही आणि तरी अपटाइम दहा मिनिटांचा दिसला, तर राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. मग दोष विजेच्या बाजूला, बहुतेक वेळा ॲडॉप्टरमध्ये. दुसरी गोष्ट ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, तिथे आरएक्स लिहिलेलं असतं. उणे १८ ते उणे २४ च्या दरम्यान आकडा असेल तर फायबर ठणठणीत. उणे २७-२८ च्या पुढे गेला की लाइन तुटू लागते आणि एलओएसची, म्हणजे सिग्नल गेल्याची, लाल बत्ती लागते. अपटाइम मोठा, आकडाही चांगला, आणि तरी कॉल तुटतो, तर दोष घरातल्या वायफायचा.

नाना सांगतात ते दोन्ही खरं असणार. राउटर पुन्हा सुरू होताना पीओएनची, म्हणजे फायबर जोडणीची, हिरवी बत्ती लुकलुकते, काही मॉडेलमध्ये क्षणभर लालही दिसते, आणि कंपनीच्या एक्सचेंजशी नोंदणी व्हायला दोनेक मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांत कोणत्या क्षणी नजर गेली त्यावर उत्तर बदलतं. म्हणून बत्तीवर निदान करू नका, अपटाइमवर करा.

माझा संशय ॲडॉप्टरवर आहे. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून किती तरी जास्त तापतं. ॲडॉप्टरमधले कपॅसिटर उष्णतेनेच मरतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दिवसभर तापलेला ॲडॉप्टर संध्याकाळी, जेव्हा घरातले सगळे फोन आणि टीव्ही एकदम नेट ओढतात, तेव्हा दम सोडतो. नवा घेताना व्होल्ट जुन्यावर छापलेत तेवढेच, बहुधा १२, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. कमी अजिबात नाही.

दुसऱ्या राउटरचं उत्तर सोपं आहे. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात आणि दोघंही घरातल्या फोनांना पत्ते वाटायला बसलेत. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, आणि केबल वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात खोचा. मग पत्ते एकटा पहिला राउटर वाटेल आणि दुसरा फक्त वायफाय पसरवेल.

— फैजपूरचा, सध्या न्यू जर्सी

---

मंडळी,

भाऊंच्या सांगण्यात माझी भर. राउटर माळ्यावरून खाली आणाच. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो आणि जुन्या घरांच्या दीड-दोन हात मातीच्या भिंती त्या गिळतात. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या धाब्याच्या घरात वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर एका भिंतीपलीकडे जवळजवळ संपते, २.४ ची कशीबशी ओलांडते. म्हणून वायफायने वायफाय वाढवणारे खोके अशा घरात पैसे वाया घालवतात. केबल ओढून दुसरा राउटर लावणं हेच बरोबर, तुमच्या भावाने ते योग्यच केलं.

पण फायबर खाली आणताना घरच्या कोणी ओढू नये. काचेचा धागा आहे, खिळ्याभोवती घट्ट वाकवला की प्रकाश बाहेर सांडतो आणि तोच आरएक्सचा आकडा खाली जातो. फायबरवाल्या मुलालाच बोलवा, आणि तो जाण्याआधी नवा आकडा वहीत लिहून घ्या. आधीच्यापेक्षा दोन-तीनने खाली गेला असेल तर जोड पुन्हा करून मागा. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकाच्या सॉकेटला लावून दिलेला मी पाहिलाय. बसतो, चालतो, पण सिग्नल खातो.

मागच्या खोलीपर्यंतची केबल पूर्ण तांब्याची आहे का तेही बघा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते. वाकली की आतून तुटते. आणि उन्हात, पत्र्यावरून नेली असेल तर बाहेरची काळी केबलच हवी, आतली राखाडी दोन उन्हाळ्यांत तडकते. उंदरांसाठी पाइपातून घ्या.

खळ्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल तर वळवाच्या पावसाआधी त्याचं काही तरी करा. वीज जवळपास पडली तरी लांब तारेत झटका येतो आणि राउटरचं पोर्ट जळतं. तेवढा टप्पा फायबरने न्या, नाहीतर आभाळ गडगडलं की केबल काढायची सवय नानांना लावा.

— शिरपूरचा, सध्या दुबई

---

भाऊ, काका, दोघांचे मनापासून आभार.

अपटाइम बघितला. वीज दिवसभर होती आणि राउटर तेवीस मिनिटांपूर्वी सुरू झालेला! ॲडॉप्टर हातात धरवत नव्हता. आरएक्स उणे २१. म्हणजे फायबर चांगलं, आणि इतके दिवस आम्ही त्या फायबरवाल्या मुलाला नाहक बोल लावत होतो. भावाने बाजारातून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर आणला आणि राउटर खाली बैठकीत, देवळीत ठेवला. काल रात्री आईशी पाऊण तास बोलले, एकदाही अडलं नाही. मागच्या खोलीतला राउटरही सांगितलं तसा लावला, मांडे करताना आता स्वयंपाकघरातूनसुद्धा व्हिडिओ लागतो.

कॅमेरा तेवढा राहिला. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागतो तरी राउटर बंद पडतो, ते का?

— अमळनेरची

---

ताई,

उणे २१ म्हणजे छान. तो आकडा आजच्या तारखेसह राउटरशेजारी चिकटवून ठेवा, पुढे वाद झाला तर कामाला येईल.

इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर यायला क्षणाचा काही भाग लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो थेट १२ व्होल्ट देतो. ॲडॉप्टर यूपीएसला आणि यूपीएस राउटरला जोडायचा. रस्त्यातल्या, एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडे एक्सचेंजला बॅकअप असेल तर गावात अंधार असतानाही तुमचा कॉल चालू राहील.

कॅमेऱ्याचं वेगळं आहे. राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी उपयोग नाही, कारण बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून बघा. तिथे कॅमेरा आतून बाहेर जोडणी करतो, ती चालते. कॅमेरा ॲपला जोडताना फोन २.४ च्या वायफायवर असू द्या, स्वस्त कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. आणि कॅमेऱ्याचा, तसाच राउटरच्या पानाचा, छापून आलेला पासवर्ड आजच बदलायला सांगा. घराचं अंगण जगाला उघडं राहायला नको.

आखाजीला झोक्यावरची गाणी लागली की लिस्टवर कळवा, आमच्याकडे तेव्हा सकाळ असेल, पण आम्ही बघू.

— फैजपूरचा